मुलांचा मायनस नंबर आणि बाहेरचा वेळ: मोठीसाठी वेगळं उत्तर, धाकट्यासाठी वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ८ वर्षांची, पुण्यात तिसरीत, फळ्यावरचं दिसेना म्हणून दाखवलं तर दोन्ही डोळ्यांना मायनस १.२५ निघाला आणि सहा महिन्यांत तो मायनस १.७५ झाला. आईबाबा दोघांनाही लहानपणापासून चष्मा. आजी म्हणतात मोबाइलचे प्रताप, चष्म्याच्या दुकानातल्या माणसाने सुचवलं की नंबर थोडा कमीच घालू म्हणजे वाढणार नाही, आणि कुणीतरी सांगितलं की रोज दोन तास बाहेर खेळू द्या, नंबर उतरतो. धाकटा ५ वर्षांचा, त्याला अजून काही नाही. मे महिन्यात दोघं महिनाभर गावी जातात, तेवढं पुरेल का हाही प्रश्न आहे.

ताई, तुमचा सगळा प्रश्न मुलीबद्दल आहे, पण बाहेर खेळण्याचा सगळ्यात जास्त फायदा होणार आहे तो धाकट्याला. बाहेरचा वेळ हे नंबर लागायच्या आधीचं औषध आहे, लागलेला नंबर त्याने उतरत नाही, आणि वाढणाऱ्या नंबरला फक्त तेवढ्याने लगाम बसेल असंही नाही. २०१७ मध्ये तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हाही हेच निघालं होतं, की बाहेरच्या वेळाने नवीन नंबर लागणं कमी होतं पण आधीच मायनस असलेल्या मुलांच्या वाढीवर तसा ठसठशीत परिणाम दिसत नाही. ओपीडीत हे सांगितलं की पालकांचा चेहरा पडतो, कारण ते अर्धा तास वाट बघून चष्मा घातलेल्या मुलाला घेऊन आलेले असतात आणि बिनचष्म्याचा धाकटा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो.

आता असं का ते सांगते. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १६-१७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठ्या माणसाचा २३-२४. बहुतेक बाळं थोडा प्लस नंबर घेऊनच येतात, मग डोळा वाढत जातो तसा तो प्लस कमी होत शून्याजवळ येतो आणि तिथे वाढ थांबायला हवी. ज्या मुलांमध्ये ती थांबत नाही त्यांचा डोळा गरजेपेक्षा लांब होतो, लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या अलीकडेच पडते आणि मुलाला फळा धूसर दिसतो. एक मिलिमीटर जास्त वाढ म्हणजे साधारण अडीच ते तीन नंबर, इतका हा हिशोब बारीक आहे. आणि लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून "नंबर उतरवून देतो" असं जो कोणी सांगेल, मग तो व्यायामवाला असो, थेंबवाला असो की मसाजवाला, त्याला लांबूनच नमस्कार करायचा. पुढे लेसर करून चष्मा जाईल हे खरं, पण लेसरने पुढच्या काचेचा म्हणजे कॉर्नियाचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. मायनस ६ च्या पुढे गेलेल्या डोळ्यात पडदा सुटणं, मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग खराब होणं, काचबिंदू हे धोके वाढतात ते त्या ताणल्या गेलेल्या मागच्या भागामुळे, आणि ते लेसरनंतरही तसेच राहतात. माझी सगळी धडपड चष्मा घालवण्यासाठी नसते, तो आकडा सहापर्यंत जाऊ नये यासाठी असते.

मग हे इतकं वाढलं कसं? आईबाबांना चष्मा असेल तर मुलांना लागायची शक्यता वाढते हे खरं आहे, पण नुसत्या आनुवंशिकतेवर ढकलून चालत नाही, जीन्स दोन पिढ्यांत बदलत नाहीत. अलास्कात उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे, तेव्हा त्याला बॅरो म्हणत, तिथल्या एस्किमो कुटुंबांची तपासणी १९६९ मध्ये छापून आली, त्यात आजीआजोबांच्या पिढीत मायनस नंबर जवळजवळ नाहीच आणि शाळेत जाऊ लागलेल्या नातवंडांत निम्म्याहून जास्त जणांना. २०१० मध्ये दक्षिण कोरियात सोलमध्ये सैन्यभरतीला आलेली १९ वर्षांची मुलं तपासली तर ९६.५ टक्के मायनस, म्हणजे बिनचष्म्याचा मुलगा शोधावा लागेल अशी गत. आपल्याकडे दिल्लीतल्या शाळकरी मुलांमध्ये २००२ च्या अभ्यासात ७.४ टक्के होतं, २०१५ ला छापलेल्या अभ्यासात १३.१. आपण अजून पूर्व आशियाच्या बरेच मागे आहोत पण रस्ता तोच धरलाय.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वात बोलका अभ्यास सिडनी आणि सिंगापूरचा, २००८ चा. दोन्हीकडची ६-७ वर्षांची चिनी वंशाची मुलं घेतली, दोन्हीकडे आईवडलांना चष्मा असायचं प्रमाण जवळपास सारखंच. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना नंबर, सिडनीत ३.३ टक्के. आपल्याला वाटेल सिडनीची मुलं अभ्यास कमी करत असतील, तर तसं नाही, उलट ती आठवड्याला जास्त पुस्तकं वाचत होती. मोठा फरक सापडला तो बाहेरच्या वेळात, सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास आणि सिंगापूरला जेमतेम तीन. वाचनाने डोळे जातात हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हे आकडे सांगितले तरी आजोबा मंडळी मान हलवतात आणि नातीच्या हातातलं गोष्टीचं पुस्तक काढून घेतात. नका काढू. पुस्तक घेऊन तिला गच्चीत किंवा झाडाखाली बसवा.

बाहेर असं काय आहे? मुख्य म्हणजे उजेड. आपल्या डोळ्याला खोलीतला आणि बाहेरचा फरक कळत नाही कारण बाहुली आणि पडदा लगेच जुळवून घेतात, पण लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात, मोजलं तर ट्यूबलाइटच्या वर्गात ३०० ते ५०० लक्स असतो, स्वच्छ उन्हात लाखभर, आणि मोकळ्या मैदानातल्या झाडाच्या सावलीतसुद्धा काही हजार. तेजस्वी उजेडात पडद्यामधल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन जास्त सोडतात आणि हे डोपामिन डोळ्याच्या वाढीला ब्रेक लावतं, असं आजचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे. कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग झालेत, डोळ्यावर धूसर झाकण लावलं की पिल्लाला मायनस नंबर येतो, रोज काही तास १५ हजार लक्सच्या उजेडात ठेवलं की तो कमी येतो, आणि डोपामिनचं काम अडवणारं औषध डोळ्यात दिलं की उजेडाचा तो फायदा जातो. शिवाय बाहेर सगळं लांब असतं, डोळ्याला जवळ फोकस करत बसावं लागत नाही, त्याचाही वाटा असू शकतो.

इथे तुमच्यासारखे वाचून आलेले पालक हमखास विचारतात की मग हे व्हिटॅमिन डी का? नाही. पिल्लांच्या प्रयोगात दिव्याच्या उजेडानेही फायदा झाला आणि माणसांमध्ये जनुकांच्या अंगाने तपासलं तेव्हाही डी कमी असल्यामुळे मायनस होतो असं निघालं नाही. डी ची पुडी हाडांसाठी लागली तर जरूर द्या, डोळ्याचा हिशोब वेगळा ठेवा.

फायदा किती, तेही नीट समजून घ्या. चीनमध्ये ग्वांगझूला पहिलीच्या मुलांवर ३ वर्षांचा प्रयोग झाला, १२ शाळा, त्यातल्या निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवला. ३ वर्षांत तिथे ३०.४ टक्के मुलांना नवीन नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. म्हणजे १०० पैकी ९ मुलं वाचली. जादू नाही, पण इतक्या फुकट उपायाने ९ मुलं वाचत असतील तर मी ते दोन्ही हातांनी घेईन. तैवानमध्ये तर आणखी साधं केलं, एका शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना वर्गाबाहेर काढलं, बस, आणि वर्षभरात नवीन नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण ८.४ टक्के, शेजारच्या तशाच शाळेत १७.६५. पुढे २०१० पासून तिथे देशभरच्या शाळांत रोज १२० मिनिटं बाहेर असा कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चढत चाललेला कमी दिसणाऱ्या मुलांचा आकडा २०११ ला ५० टक्क्यांवर जाऊन २०१५ पर्यंत ४६.१ वर आला. तीनचार टक्क्यांचं काय कौतुक असं वाटेल, पण चढणारी रेघ खाली वळली हेच मोठं आहे. पालकसभेत स्मार्ट बोर्डबद्दल तावातावाने बोलतो आपण, मधल्या सुट्टीत मुलं डबा खाऊन वर्गातच बसतात का बाहेर जातात हे कुणी विचारत नाही. विचारा.

उलटा पुरावा कोविडने दिला. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या फेचेंग शहरात दरवर्षी शाळकरी मुलांचे डोळे मशीनवर तपासतात. २०१५ ते २०१९ मध्ये ६ वर्षांच्या मुलांत मायनस कधी ५.७ टक्क्यांच्या वर गेला नव्हता, काही महिने घरात कोंडल्यावर २०२० मध्ये तो २१.५ झाला. लहान मुलांवर सगळ्यात जास्त परिणाम झाला, मोठ्यांवर त्या मानाने कमी. ५-६ वर्षांचा डोळा बाहेरच्या परिस्थितीला किती लवकर प्रतिसाद देतो ते यावरून कळतं, आणि म्हणून मी पुन्हा पुन्हा तुमच्या धाकट्यावर येतेय.

आता बाहेर म्हणजे काय, कारण इथेच सगळी गडबड होते. पालक सांगतात रोज दीड तास खेळतो आणि खोदून विचारलं की कळतं तो बॅडमिंटनच्या हॉलमध्ये खेळतो, किंवा कराटे क्लासला जातो, किंवा सोसायटीच्या खालच्या पार्किंगमध्ये सायकल चालवतो. खेळ म्हणून उत्तम, पण डोळ्याच्या खात्यात शून्य. सिडनीच्याच अभ्यासात दिसलं होतं की छपराखालच्या खेळाने काही संरक्षण मिळत नाही, आणि बाहेर असलं तर खेळलं नाही तरी चालतं. टर्फवर रात्री आठला फ्लडलाइटमध्ये क्रिकेट खेळतात ना, तेही यात धरू नका, त्या दिव्यांचा उजेड फार तर काहीशे लक्स, म्हणजे वर्गाएवढाच. उलट मुलगा दुपारी चारला बागेत बाकावर बसून भेळ खात असेल तर ते चालतं. उजेड डोक्यावर मोकळ्या आकाशाचा हवा एवढीच अट.

ऊन लागेल, रंग काळा पडेल, ताप येईल, हे सगळं ऐकलंय. भर उन्हात उभं करा असं कुणी म्हणत नाहीये. सावली चालते, टोपी चालते, गॉगलसुद्धा चालतो, सिंगापूरच्या लोकांनी टोपी आणि गॉगल घालून, झाडाखाली बसवून मोजलंय आणि तरीही खोलीतल्यापेक्षा उजेड कमीत कमी ११ पट निघाला. सूर्याकडे बघायचं नाही, हे मुलांना वेगळं सांगा. विदर्भात किंवा मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, त्या वेळीही हजारो लक्स असतात. पावसाळ्यात ढगाळ दुपारीही बाहेर घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो, तेव्हा रेनकोट घालून पाठवा, चिखल झाला तर धुता येतो.

किती वेळ? रोज दोन तासांचं टार्गेट ठेवा, एकदम नाही जमणार, तुकडे करा. शाळेत चालत जाणं, मधली सुट्टी, शाळेतून आल्यावर लगेच दूध पिऊन खाली, होमवर्क अंधार पडल्यावर. ही शेवटची अदलाबदल सगळ्यात कामाची आहे, बहुतेक घरात उजेड असेपर्यंत क्लास आणि होमवर्क आणि अंधार पडल्यावर "जा आता खेळ" असं चालतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितलंय, तुमच्या शाळेने ते पाळलं असेल तर सकाळचा अर्धा तासही हाताशी येतो.

आणि हो, मे महिन्यात गावी जाऊन वर्षाचा कोटा भरत नाही. नंबर उन्हाळ्यात हळू वाढतो आणि हिवाळ्यात जोरात, हे वेगवेगळ्या देशांत दिसलंय, म्हणजे गावी असताना ब्रेक लागत असणार, पण जूनमध्ये परत तेच घर-शाळा-क्लास सुरू झालं की तो सुटतो. गावी जाऊ द्या, त्याला दुसरी शंभर कारणं आहेत.

आजींचं मोबाइलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोबाइल यायच्या कितीतरी आधी, १८६७ मध्ये, हर्मान कोन नावाच्या जर्मन डॉक्टरने ब्रेस्लाऊमध्ये १० हजारांवर शाळकरी मुलं तपासून सांगितलं होतं की वरच्या इयत्तेत जावं तसा मायनस वाढतो. तेव्हा दोष एकट्या स्क्रीनचा नाही. पण मोबाइल पुस्तकापेक्षा जवळ धरला जातो, तासन् तास सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे बाहेरचा वेळ खातो. ३० सेंटीमीटरपेक्षा जवळून वाचणं आणि अर्ध्या तासाहून जास्त सलग वाचणं या दोन सवयींचा नंबरशी संबंध दिसलाय, म्हणून कोपर ते मूठ एवढं अंतर आणि दर २०-३० मिनिटांनी उठून खिडकीबाहेर बघणं, एवढं दोघांनाही लावा. लहान मुलाला कार्टून दाखवायचंच असेल तर टीव्हीवर दाखवा, हातातल्या फोनवर नको. स्क्रीनचा निळा उजेड अडवणाऱ्या ब्लू कट काचांना जास्तीचे पैसे देऊ नका, नंबर थांबवायला त्यांचा उपयोग नाही.

आता मुलीचं. पहिली गोष्ट, दुकानातल्या सल्ल्याप्रमाणे कमी नंबर घालू नका. हे खूप ठिकाणी चालतं आणि चांगल्या हेतूने चालतं, पण मलेशियात २००२ मध्ये नीट प्रयोग करून बघितलं तर कमी नंबर घातलेल्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला. पूर्ण नंबर, आणि शाळेत दिवसभर. चष्मा लावल्याने डोळा आळशी होतो, सवय लागते, हे खरं नाही.

दुसरी गोष्ट, मायनस १.२५ पासून मायनस १.७५ पर्यंतची ही वाढ खरी आहे का ते आधी बघू. पहिला नंबर थेंब न टाकता नुसता कॉम्प्युटरवर काढला होता का? मुलांच्या डोळ्यातला फोकस करणारा स्नायू इतका ताकदवान असतो की मशीनमध्ये बघताना तो आवळला जातो आणि खोटा मायनस येतो. स्नायू सैल करणारे थेंब टाकून, तास-दीड तास थांबून काढलेला नंबर तोच खरा. त्याच दिवशी डोळ्याची लांबी मशीनवर मोजून घ्या, त्याला बायोमेट्री म्हणतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी करतात तीच, दुखत नाही, दोन मिनिटांत होते. नंबर पाव इकडेतिकडे होऊ शकतो, लांबी सहसा दगा देत नाही. वर्षाला ०.३ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त वाढत असेल तर ती जोरातली वाढ समजायची.

वाढ खरी निघाली तर तुमच्या मुलीला उपचार लागेल असं मला वाटतं, कारण ८ व्या वर्षी सुरुवात, दोन्ही पालकांना चष्मा, आणि निम्म्या मुलांचा नंबर स्थिर व्हायला १५-१६ वर्षं उजाडतात, म्हणजे अजून ७-८ वर्षं वाढ बाकी आहे. पर्याय मुख्यतः दोन. एक, रात्री झोपताना टाकायचे कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब. दिल्लीच्या एम्सने भारतीय मुलांवर ०.०१ टक्क्याचा अभ्यास केला तेव्हा फायदा दिसला, अमेरिकेत २०२३ ला तीच ताकद वापरून दिसला नाही, हाँगकाँगमध्ये ०.०५ टक्का सगळ्यात परिणामकारक ठरला. म्हणून ताकद कुठली हे मूल बघून ठरतं, मेडिकलवाल्याला विचारून नाही. उजेडात डोळे दिपणं, जवळचं थोडं धूसर होणं हे त्रास होऊ शकतात, आणि जास्त ताकदीचे थेंब मनाने अचानक बंद केले तर नंबर उसळी मारतो. दुसरा पर्याय खास काचांचा चष्मा, मधोमध नेहमीचा नंबर आणि भोवती बारीक बारीक लेन्सांची जाळी. हाँगकाँगमध्ये अशा एका काचेने २ वर्षांत वाढ निम्म्याने कमी झाली. महाग आहेत, मुलं चष्मा फोडतात तेव्हा जीव वरखाली होतो, पण ८ वर्षांच्या मुलीला थेंबांची कटकट नको असेल तर मी आधी हेच सुचवते. रात्री घालायच्या कडक लेन्सही असतात, त्यांची स्वच्छता ८ व्या वर्षी आईलाच बघावी लागते, म्हणून मी थोडं थांबायला सांगते. लाल दिव्यात बघायचं मशीन कुणी विकायला आलं तर घेऊ नका, एका १२ वर्षांच्या मुलीच्या पडद्याला त्यातून इजा झाल्याचं नोंदवलं गेलंय.

बाहेर खेळणं मुलीलाही हवंच, नुकसान काहीच नाही आणि थोडी मदत झालीच तर होईल, फक्त त्याच्या भरवशावर उपचार पुढे ढकलू नका.

धाकट्याला मात्र याच महिन्यात आणा, त्याला दिसतंय तरीही. त्याचाही नंबर थेंब टाकून काढायचा आणि मला बघायचंय ते त्याच्याकडे प्लस किती शिल्लक आहे. ६ वर्षांच्या मुलाकडे प्लस ०.७५ किंवा त्याहून कमीच उरला असेल तर पुढे मायनस लागायची शक्यता बरीच वाढते, अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सगळ्या लक्षणांत हेच एक सगळ्यात भरवशाचं ठरलं. ५ व्या वर्षी दीड-दोन प्लस असेल तर आपण निवांत, वर्षाने भेटू. प्लस अर्धाच, म्हणजे ०.५०, उरला असेल तर दोन तास बाहेरचे हे औषधासारखे, चुकवायचे नाहीत. दोन्ही पालकांना चष्मा असलेल्या मुलांमध्ये बाहेर न जाण्याचा तोटा जास्त होतो असं अमेरिकेतल्याच अभ्यासात दिसलंय, म्हणजे "आमच्या घरातच आहे, काय उपयोग" हे म्हणणं तुमच्या बाबतीत बरोबर उलटं आहे.

येताना मुलीचे आतापर्यंतचे सगळे नंबरचे कागद घेऊन या, दुकानातल्या चिठ्ठ्यासुद्धा, आणि तुम्हा दोघांचे आत्ताचे नंबरही लिहून आणा. थेंबांमुळे तीनचार तास वाचता येणार नाही, काही थेंबांनी दिवसभरही, तेव्हा दुसऱ्या दिवशी परीक्षा नाही असा दिवस बघा. पुढची लांबी सहा महिन्यांनी, आणि शक्यतो त्याच मशीनवर.